बाणेर, वेल्हे, दिवेआगर : मोठी गाडी घेण्याआधीची भटकंती

गुरुवार : बाणेर आणि आसपास

सुहासदादाला मोठी एसयूव्ही घ्यायची आहे, हे आमच्या घरात पाडव्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कोणती घ्यायची, यावर मात्र दोन तट. दादाचं म्हणणं, फोर बाय फोरच हवी, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी. मंजूवहिनीचं म्हणणं, घ्या ना, पण आधी मला सांगा की ते बटण मी नेमकं कधी दाबायचं? आठवड्याचे पाच दिवस कोथरूड ते हिंजवडी गाडी वहिनी चालवते. दादाच्या हातात ती येते शनिवारी-रविवारी, वेल्ह्याच्या जमिनीवर जाताना, आणि तेव्हा त्याच्या अंगात रॅलीवाला संचारतो.

मला बरोबर घ्यायचं कारण म्हणजे माझी काही वर्षं भोसरीला गिअर कापण्यात गेली आहेत. शोरूममधल्या पोरांना नको ते प्रश्न विचारायला घरातलाच माणूस मिळाला, एवढंच.

बाणेर ते वाकड हायवेलगतची शोरूमं पालथी घालण्यात दुपार गेली. सगळीकडे एकच अनुभव. ‘फोर बाय फोर आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘आहे ना सर!’ हा प्रश्नच निरुपयोगी आहे. एकाच शब्दाखाली दोन-तीन अगदी वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरवून घेतले. पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) आहे, क्लच आहे, की काहीच नाही? लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा जादा गिअर, आहे का? आणि मागच्या अॅक्सलला लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय, आहे का, असल्यास तो कोण लावतं, चालक की गाडी?

पहिल्या प्रश्नाला एका ठिकाणी चहा आला, उत्तर आलं नाही. शेवटी सर्व्हिसमधल्या एका मुलाला वर बोलावलं. हात काळे, पण डोकं स्वच्छ. त्याने बॉनेटसुद्धा न उघडता दोन मिनिटांत सांगितलं की यांच्या गाडीत पुढची चाकं कायम ओढतात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते ती अनेक चकत्यांच्या क्लचमधून, कॉम्प्युटर ठरवेल तेव्हा. लो रेंज नाही. हीच ऑल व्हील ड्राइव्ह, शोरूमच्या भाषेत एडब्ल्यूडी.

पुढच्या शोरूममध्ये स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर डेमो गाडी होती. तिची जात वेगळी. शिडीसारख्या चासीवर, म्हणजे वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली, एरवी मागच्या चाकांवर चालणारी, आणि नॉब फिरवला की ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून) पुढचा शाफ्ट मागच्याशी थेट जोडणारी. मध्ये डिफरन्शियल नाही. याला पार्ट टाइम म्हणतात. ते ‘पार्ट टाइम’ का, हे समजवायला मी वहिनीला बेसमेंटमध्ये नेलं. बाहेर रिपरिप चालू होती, पण खाली काँक्रीट कोरडं ठणठणीत. नॉब फोर हायवर (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला), स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, पाय ब्रेकवरून नुसता सैल सोडलेला. गाडी थोडी सरकली आणि अवघडली. हँडब्रेक अर्धा ओढून ठेवल्यासारखी. वहिनीने पाय थोडा दाबला तशी पुढचं टायर काँक्रीटवर खरडून ‘किर्र’ केलं आणि गाडीने एक उडी मारली.

‘बिघडली का?’ वहिनी.

बिघडली नव्हती. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान वर्तुळात. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असले की तो फरक जायचा कुठे? चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर टायर थोडं घसरतं आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, आणि फारच हट्ट केला तर ट्रान्सफर केसचं बिल येतं. म्हणून पार्ट टाइमवाल्याने कोरड्या रस्त्यावर टू हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर राहायचं. सेल्समन मागे उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘सर, असं कुणी करून दाखवलं नव्हतं.’ दाखवायला हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाला बेसमेंटमध्ये न्यायला हवं.

तिसरी जात फुल टाइम. मध्ये डिफरन्शियल, चारही चाकं कायम ओढणार, कोरड्यावरही चालेल, आणि गरज पडली तर मधलं डिफरन्शियल लॉक करायचं. २००९ मध्ये आपल्याकडे पहिली फॉर्च्युनर आली ती अशी होती. २०१६ मध्ये दुसरी पिढी आली आणि ती पार्ट टाइम झाली. नाव तेच, मागचा फोर बाय फोरचा बिल्ला तोच, आतलं प्रकरण निराळं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण जुनीत जे डांबरावर चालत होतं ते नवीत केलं तर वर सांगितलेली ‘किर्र’ ऐकू येते.

जाता जाता दादाने सफारीची चौकशी केली. आमच्या पिढीला सफारी म्हणजे १९९८ ची, पिंपरीत बनलेली, फोर बाय फोर मिळणारी. आताच्या डिझेल सफारीला आणि हॅरिअरला फक्त पुढची चाकं ओढतात, फोर बाय फोर मिळतच नाही, हे ऐकून दादाचा चेहरा पडला. २०२५ मध्ये आलेल्या विजेवरच्या हॅरिअरला मात्र पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरींचा पर्याय आहे. मधला शाफ्टच नाही, त्यामुळे पिळाचा प्रश्नही नाही. दादा म्हणाला, ‘वेल्ह्यात चार्जर कुठे आहे?’ विषय तिथेच मिटला.

शुक्रवार : पाबे घाट, वेल्हे

दादाच्या मित्राने त्याची फॉर्च्युनर दिली, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. ‘चिखल लागला तरी चालेल, ओरखडा नको,’ एवढीच अट. सकाळी सहाला वारज्यावरून निघालो. खडकवासल्याला भजीच्या टपऱ्या अजून उघडत होत्या. डोणजे मागे टाकलं, खानापूरला चहा झाला आणि पाबे घाटाला लागलो. माथ्यावर उतरलो तेव्हा तोरणा ढगात होता आणि राजगडाचा बालेकिल्ला क्षणभर दिसून गेला. घाट ओला, पण डांबर चांगलं. गाडी टू हायमध्ये, म्हणजे साधी मागच्या चाकांची गाडी. एका चढाच्या वळणावर दादाने जरा जोरात पाय दिला तेव्हा मागचा भाग हलकेच बाहेर गेला आणि डॅशबोर्डवर घसरलेल्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला. इलेक्ट्रॉनिक्सने सावरलं.

पार्ट टाइमची खरी अडचण इथे कळते. आपल्या घाटांत पाऊस किलोमीटरवर बदलतो. एका वळणावर पाणी वाहतंय, पुढचं कोरडं, त्यापुढे शेवाळ. फोर हाय लावावं तर कोरड्या वळणात पीळ, न लावावं तर ओल्यावर दोनच चाकं. सलग पाऊस असला आणि रस्ता पूर्ण ओला असला तर फोर हाय बिनदिक्कत लावावं, गाडी चालू असतानाही लागतं, किती वेगाच्या आत ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण तुकड्यातुकड्यांच्या पावसात सारखं नॉब फिरवत बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. लोक टू हायमध्येच राहतात.

जमिनीची वाट वेल्ह्याच्या अलीकडे डांबर सोडून डावीकडे उतरते. अर्धा-पाऊण किलोमीटरच असेल, पण त्यात सगळं आहे. आधी निसरडा उतार, मग ओढा, मग भातखाचरांच्या बांधाला लागून चढ. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका आमच्याकडे बघून हसत होत्या. लाखांची गाडी घेऊन बांधावर अडकायला आलेले पुणेकर त्यांना नवे नाहीत.

उताराच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवली. गिअर न्यूट्रल, नॉब फोर लोवर. डॅशबोर्डवरची खूण लुकलुकत राहिली, खालून कुठूनतरी ‘खट्’ झालं आणि खूण स्थिर झाली. ती स्थिर होईपर्यंत गिअर टाकायचा नाही. लो रेंज म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकांच्या मध्ये आणखी एक गिअर. वेग अडीचपटीच्या आसपास खाली येतो आणि चाकांवरचा जोर तेवढाच वाढतो. लोक याला चढायची गोष्ट समजतात. मला ती उतरायची गोष्ट वाटते. निसरड्या उतारावर ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरगुंडी होते. लोमध्ये पहिल्या गिअरवर पाय काढून घ्या, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, माणसाच्या चालीने खाली नेतं. दादाने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि आम्ही ओढ्यापर्यंत आलो. ‘हे मला येईल,’ मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली. त्या दिवसातलं ते पहिलं सकारात्मक वाक्य.

ओढा पोटरीइतका होता, काही नाही. गंमत पुढे. चढावर बांधाचा एक कोपरा वाटेत आलेला, त्यावर पुढचं उजवं चाक चढलं आणि मागचं डावं खड्ड्यात लोंबकळलं. जमिनीशी त्याचा संबंध तुटला आणि ते गरागरा फिरायला लागलं. साधं डिफरन्शियल असं वागतं. ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडे ताकद वाहून जाते, दुसरं चाक बापुडं उभं राहतं. गाडीच्या ट्रॅक्शन कंट्रोलने त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायला सुरुवात केली, खालून घर्र घर्र आवाज, गाडी वीतभर सरकली आणि पुन्हा थांबली.

बबनतात्या बांधावर उभे होते. दादाची जमीन तेच कसतात. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी.

‘लॉक हाय का न्हाई याला?’

‘आहे तात्या, बटण आहे.’

‘मंग मारा की! आमच्या ट्रॅक्टरला टाचंखाली असतंय, दाबलं की दोन्ही चाकं संगं फिरत्यात.’

ट्रॅक्टरवाल्याला डिफरन्शियल लॉक शिकवावा लागत नाही. उजव्या टाचेखाली पेडल, चाक फिरायला लागलं की दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं. शोरूममध्ये अर्धा तास घालवून जे उत्तर मिळालं नव्हतं ते तात्यांनी चिखलात उभं राहून दोन वाक्यांत दिलं. दादाने बटण दाबलं, खूण लागली, पाय अलगद दिला. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरली, जमिनीवरच्या चाकाने पकड घेतली आणि गाडी गुमान वर आली. लॉक काढायला मी दादाला आठवण केली. लॉक लावून वळायला गेलं की गाडी सरळच जायला बघते, आणि सरळ पुढे खाचर होतं.

वर पोचल्यावर मी टायरपाशी उकिडवा बसलो. मित्राचे टायर हायवेचे, अर्धे झिजलेले. भाताचा चिकट चिखल खाचांमध्ये ठासून बसला होता, बोटाने खरवडला तरी निघेना. टायर नव्हे, गुळगुळीत लाटणं झालं होतं. चारही चाकं ओढली काय नि दोन ओढली काय, जमिनीला लागतो तो हा भाग. याच वाटेवर दोनच चाकं ओढणारी गाडी चांगल्या ऑल टेरेन (खोल खाचांच्या) टायरवर, झिजलेल्या हायवे टायरवरच्या फोर बाय फोरपेक्षा पुढे गेली तरी मला नवल वाटणार नाही. दादाला हे पटलं नाही. बिल्ला नसतो ना टायरवर.

तात्यांच्या घरी तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा. वहिनीने सहज विचारलं, इथे मुरूम टाकला तर साधी गाडी येईल का? तात्या म्हणाले, ‘येईल की. पर दरसाल टाकावा लागंल. पावसानं वढ्यात जातो समदा.’ दादा सुटकेचा श्वास टाकल्यासारखा हसला.

शनिवार : ताम्हिणी ते दिवेआगर

शेजारच्या जोश्यांची एक्सयूव्ही ७०० एडब्ल्यूडी. महिंद्राची, स्कॉर्पिओ-एनसारखी चाकणचीच, पण मोनोकॉक, म्हणजे चासी आणि बॉडी एकच. आज चालक वहिनी. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाच्या कडेकडेने रस्ता. या धरणाचं पाणी नदीने खाली पुण्याकडे न येता डोंगराच्या पलीकडे भिरा वीजघरात उतरतं. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच झोडपतो.

ताम्हिणीत शनिवारची जत्रा. प्रत्येक धबधब्याखाली गाड्या आडव्यातिडव्या, कणसंवाल्यांचा धूर, आणि धुक्यात उलट्या बाजूने येणारे बाइकवाले. एका चढाच्या वळणावर समोरून एसटी आली आणि आम्हाला थांबावं लागलं. तिरक्या चढावर, वाहत्या पाण्यात, डाव्या बाजूला शेवाळ. एसटी गेली, वहिनीने पाय दिला, पुढचं चाक किंचित फिरल्याचं मला जाणवलं आणि त्याच क्षणी मागून ढकलल्यासारखी गाडी निघाली. वहिनीला काहीच कळलं नव्हतं. ‘काय झालं?’ काही नाही झालं, हेच तर.

क्लचवाल्या एडब्ल्यूडीचं मर्म हे. बटण नाही, नॉब नाही, तुकड्यातुकड्यांचा पाऊस असला तरी चालकाने काही ठरवायचं नाही. पुढच्या चाकाचा वेग वाढला की चकत्या आवळल्या जातात, मागे ताकद जाते. कोरडं आलं की चकत्या सैल, त्यामुळे वळणात पीळ नाही. पुण्यातल्या ज्या माणसाची धाव पावसाळ्यात ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोली आणि एरवी हिंजवडी एवढी आहे, त्याने माझं ऐकलं तर हीच यंत्रणा घ्यावी. लो रेंजसाठी शिडीची चासी, जड स्टिअरिंग आणि मागच्या सीटवरचे हेलकावे कशाला विकत घ्यायचे?

पण एक गोष्ट तिथल्या तिथे वहिनीला सांगितली, कारण ती आता खुशीत येऊन जरा वेगात उतरायला लागली होती. चार चाकं ओढत असली तरी थांबवायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात. निघताना एडब्ल्यूडी साथ देते, ब्रेक मारताना नाही. साठलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागलं तर कुठलीही ओढ कामाची नाही, तिथे खाचांची खोली लागते. कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर, पण घाटातल्या पावसासाठी मी तीनच्या खाली गेलेले टायर ठेवत नाही. वहिनीने वेग कमी केला. मग दादाने डुलकी लागल्याचं सोंग केलं, कारण पुढचं वाक्य त्याच्या चालवण्याबद्दल असणार हे त्याला कळलं होतं.

निजामपूर, माणगाव, म्हसळा. खाली उतरल्यावर उकाडा. दिवेआगरला पोचेपर्यंत दोन वाजले. जेवण वाडीतल्या खानावळीत आधी सांगून ठेवलेलं, म्हणून उकडीचे मोदक मिळाले. नारळ वाडीतला, तूप वरून. त्यानंतर कोणत्याही डिफरन्शियलबद्दल कुणी काही बोललं नाही.

रविवार : दिवेआगर, आणि परत

सकाळी समुद्रावर गेलो तर किनाऱ्यावर एक पांढरी एसयूव्ही बुडाशी टेकलेली आणि भरती चढत होती. चार पोरं, एक फावडं आणि मोबाइलवर शूटिंग करणारे दहा जण. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला, दोर बांधला, पैसे आधी मोजून घेतले आणि गाडी ओढली. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालायला येतात, माणसं फिरतात, लहान पोरं खेळतात. मोठी गाडी घेतली की किनाऱ्यावर व्हिडिओ काढायचाच, ही खाज कुठल्याही लॉकने सुटत नाही.

वाळू अनुभवायची आमची सोय वाडीवाल्या काकांनी केली. त्यांच्या वाडीमागे सुरूच्या झाडांतून जाणारी वाट आहे, त्यांच्या मालकीची, झाडांखाली भुसभुशीत वाळू. एक्सयूव्ही त्यात घातली. पन्नासेक फूट गेली, मग पुढची चाकं खणायला लागली. पाय दाबत राहिलं तर काय होतं? क्लचच्या चकत्या सतत घसरत तापतात. अशा यंत्रणा मर्यादेपलीकडे तापल्या की स्वतःला वाचवायला मागची ताकद तोडतात आणि आपण ऐन वाळूत पुढच्या दोन चाकांवर उरतो. लो रेंजच्या गाडीत शाफ्ट दातांनी जोडलेले असतात, तिथे घसरायला काही नाही. हा दोन्ही जातींतला खरा फरक, आणि तो माहितीपत्रकात कुठे छापलेला नसतो.

दादाला वाटलं आता ट्रॅक्टर. मी खाली बसून चारही टायरांची हवा काढली. तेहतीसवरून अठरापर्यंत. टायर पसरलं, जमिनीला टेकणारा भाग लांबला, आणि गाडी मागे घेऊन त्याच वाळूतून त्याच क्लचने आरामात पार झाली. काकांनी विचारलं, ‘एवढंच?’ एवढंच. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप जवळ हवा, कारण डांबरावर परत येताना हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नसतो.

परतीचा ताम्हिणी मुसळधार पावसात आणि रांगेत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पौडला पोचेपर्यंत दादा आणि वहिनीत बोलणी चालू होती, मी ऐकत होतो. दादाला वेल्ह्याचा चढ विसरता येत नव्हता, वहिनीला घाटात काही न करता निघालेली गाडी. दोघांचंही खरं होतं. मी फक्त एक विचारलं : वर्षातून किती वेळा वेल्ह्याला पावसात जाता, आणि तेव्हा वहिनीला एकटीला जावं लागतं का? लागतं. दादा दौऱ्यावर असतो, तात्यांचा फोन येतो, बाळंतपण असो की विजेची मोटर, ती जाते.

मग गाडी वाईटात वाईट अर्ध्या किलोमीटरसाठीच निवडायची. आणि त्या अर्ध्या किलोमीटरवर स्टिअरिंग ज्याच्या हातात असेल, त्याला जमेल अशी.

सोमवार : पुन्हा बाणेर

दादाच्या मनात अजून गुरखा होती. आकुर्डीच्या फोर्सची, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलना चालकाने लावायचे लॉक, स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी, कारखान्यातूनच बसवलेला. या सगळ्यांत चिखलासाठी ती सर्वांत खरी गाडी आहे, यात मला शंका नाही. पण रोज हिंजवडीच्या गर्दीत क्लच दाबत ती वहिनीने चालवायची, हे दादालाही मोठ्याने म्हणता येईना. फॉर्च्युनर किमतीने बाद झाली. रांजणगावच्या जीप मेरिडियनमध्ये फोर व्हील ड्राइव्ह लो नावाचं बटण आहे, पण तिथे वेगळी लो रेंजची ट्रान्सफर केस नाही. नऊ गिअरांतला पहिला अतिशय आखूड ठेवून तोच धरून चालायचं. हायवेला ती मला सगळ्यांत आवडली, वेल्ह्याच्या उतारासाठी नाही.

उरली स्कॉर्पिओ-एन. डिझेल ऑटोमॅटिक, लो रेंज आहे, आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये मागचा लॉक यांत्रिक. दोन चाकांच्या वेगात पुरेसा फरक पडला की तो स्वतःच लागतो, बटण शोधायला नको. पुढच्या चाकांना ब्रेकने आवर घालतात. बर्फ, चिखल, वाळू असे मोड आहेत, त्यांना मी फार भाव देत नाही, पण वहिनीला ‘चिखल’ लिहिलेला पर्याय निवडणं सोपं वाटलं तर वाटू दे. घाटातल्या ओल्या डांबरावर ती एडब्ल्यूडीइतकी निवांत नाही, हे वहिनीने मान्य करूनच होकार दिला. सलग पावसात फोर हाय, कोरडं दिसलं की टू हाय, उताराला थांबून लो. तिने हे तीन शब्दांत मोबाइलवर टिपून घेतलं.

मग तिने सेल्समनला घेरलं. ट्रान्सफर केसचं आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदलायचं? त्याने सर्व्हिसला फोन लावला. एकच टायर फुटलं तर एकच नवं घातलं तर चालेल? झीज सारखी असेल तर, नाहीतर जोडीने. (एडब्ल्यूडीत तर चारही सारखी हवीत, वेगळ्या घेराचं एक चाक क्लचला रात्रंदिवस घासत ठेवतं.) एक्सप्रेसवेवर बंद पडली आणि टोइंगवाला पुढची चाकं उचलून ओढायला लागला तर? इथे सेल्समन गप्प. उत्तर मी दिलं : आपण चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच मागवायची, विम्याच्या रोडसाइड असिस्टन्समध्ये तसं आहे का ते आधी वाचायचं. इंजिनात पाणी गेल्यास भरपाई देणारं इंजिन प्रोटेक्शनही विम्यात वेगळं घ्यावं लागतं. ओढा ओलांडणाऱ्याने ते सोडू नये.

आणखी एक गोष्ट दादाकडून कबूल करून घेतली. फोर बाय फोर वर्षभर न वापरता ठेवली की पुढच्या बाजूचे सील, तेल, जोडणारी यंत्रणा आळसावते. महिन्यातून एकदा थोडे किलोमीटर चालवावी लागते, आणि तीही निसरड्यावर. पावसाळ्यात प्रश्न नाही. उन्हाळ्यात वेल्ह्याची मुरमाची वाट आहेच, म्हणजे तात्यांना मुरूम टाकायला सांगावंच लागणार.

किमतीत सूट मिळाली नाही. त्याऐवजी ऑल टेरेन टायर मागितले, तेही मिळाले नाहीत. डीलर फ्लोअर मॅट आणि गणपतीची मूर्ती द्यायला तयार होता. टायर बाहेरून घ्यायचे ठरले, त्याच मापाचे, कारण माप बदललं की स्पीडोमीटर आणि विमा दोन्हीकडे प्रश्न. बुकिंगची रक्कम वहिनीने भरली, पावती तिच्या नावाची. दादाने फक्त रंग निवडला.